साखरबाईंची जागा

"सर तिथनं! ती जागा तुझी न्हाई!"

मारुतराव आबा खाटेवरून ओरडले, आणि अनुपमा रस आटवायच्या रिकाम्या काहिलीपासून मागे सरली. सासू जाऊन दोन महिने होत आले होते. एवढ्या दिवसांत आबा सुनेशी बोलले ते एवढंच!

केडगावच्या शिवारात आबांचं गुऱ्हाळ. ते गूळ पाडणारे जुने गुळवे; पण वर्षानुवर्षं गरम रसानं पोळून त्यांच्या बोटांचे शेंडे मेले होते, त्यांना पाकाचा स्पर्श कळत नसे. म्हणून रस आटत आला की त्यांची बायको साखरबाई त्याचा थेंब गार पाण्यात टाकायच्या, त्याची गोळी वळायच्या आणि ती टणक झाली की म्हणायच्या, "बसली." मग आबा हात वर करायचे आणि गडी काहील उतरवून गूळ गार करायच्या वाफ्यात ओतायचे. लोक गुळाला नावाजायचे ते आबांच्या नावानं. साखरबाई त्यावर कधी काही बोलल्या नाहीत.

त्या गेल्या, आबा खाटेवर बसले आणि गुऱ्हाळ थांबलं. "माझा हात गेला," एवढंच म्हणाले. रडले मात्र नाहीत.

आबांचा मुलगा सत्यजीत शिरूरकडच्या कंपनीत शिफ्टला जायचा. त्या दिवशी घरी आला तो ठरवूनच. "गुऱ्हाळ भाड्यानं देऊन टाकू. माणूस उद्या बघाया येतोय."

"अहो, गुऱ्हाळ गेलं तर आबा त्या खाटेवरनं परत उठायचे न्हाईत."

"मग काहील कोण काढणार?"

"मी काढते."

तो हसला. पण सकाळी काहिलीखालचं चुलवाण पेटलं, आणि आबांनी पाठ फिरवलेली असतानाही अनुपमा काहिलीपाशी जाऊन उभी राहिली. सासूबाईंनी तिला दोन हंगाम शेजारी उभं करून सगळं शिकवलं होतं. रसावरची मळी निघाली, फेस बसला, रस जड होऊन पिवळे बुडबुडे फोडू लागला. तिनं थेंब पितळीतल्या पाण्यात टाकला. गोळी बोटांत टणक झाली.

"आबा, बसली!"

खाटेवरची पाठ हलली नाही.

चुलवाणात उसाची चिपाडं घालणारा ईश्वर उत्तरेकडचा. त्यानं घाईनं विचारलं, "भाभी, उतारें क्या?"

तिला 'उतरवा' म्हणता आलं असतं. गडी तयार होते. पण ती बोलली असती आणि काहील उतरली असती, म्हणजे आबांवाचूनही गुऱ्हाळ चालतं हे आबांच्या कानांवर पडलं असतं... आणि मग ते कशासाठी उठणार होते? तिनं दुसरी गोळी वळली. तिसरी वळली. "आबा... बसली हो!" रस लाल झाला, मग काळा. जळका वास सगळ्या खोपीभर पसरला.

"झालं!" चुलत सासू गीताबाई बांधावरूनच म्हणाल्या. "साखर गेली, आन् हिनं गूळबी जाळला! सत्यजीत, बायकोला चुलीपाशीच ठेव बाबा."

सत्यजीतचा चेहरा उतरला. "कळत न्हाई तर हात घालायचा कशाला?"

कळलं होतं हो मला... हे शब्द तिच्या ओठांपर्यंत आले आणि तिनं ते गिळले.

तेवढ्यात खाट करकरली. जळका वास आबांना बसू देईना. ते काठी टेकत काहिलीपाशी आले, आणि त्यांची नजर पितळीकडे गेली. पाण्यात तीन टणक गोळ्या होत्या.

"ह्या कवा वळल्या?"

"जवा बसली तवा."

"म्हंजी तुला कळलं व्हतं!"

"व्हय."

"मग सांगितलं का न्हाईस?"

"सांगितलं की, आबा. तुमालाच सांगितलं."

आबांनी तिच्या पोळलेल्या बोटांकडे बघितलं. मग वळले.

"गीताबाई, काहील हिनं न्हाई जाळली. मी जाळली. सत्यजीत, त्या माणसाला सांग, येऊ नकोस म्हणावं. आन् ईश्वर, काहील घासून घे, दुसरा रस सोड!"

दुसरा रस आटत आला तशी अनुपमा काहिलीच्या पलीकडे, लांब उभी राहिली. आबांनी नुसती मान हलवून तिला आपल्या शेजारी बोलावलं.

तिनं गोळी वळली. "बसली, आबा."

आबांचा हात वर झाला! गड्यांनी काहील कलती केली आणि पिवळाधमक गूळ वाफ्यात पसरला.

आबा चिपाडांच्या गंजीमागे गेले. तिकडून हुंदका ऐकू आला... मग आणखी एक. सत्यजीत धावला, तशी अनुपमानं त्याचा हात धरला.

"ऱ्हाऊ द्या. रडू द्या त्यांना. आजवर रडलेच न्हाईत."

तिनं पदरानं डोळे पुसले. उसाच्या चरकाकडून तिसरा रस काहिलीत पडू लागला होता. तिनं झारा उचलला आणि मळी वर यायची वाट बघत उभी राहिली.