कोठाराची कडी

रामवाडीच्या थांब्यावर रोहा गाडी आली तेव्हा श्रावणातली एक सर नुकतीच सरली होती. प्रतिक्षाला खिडकी मिळाली. शेजारी एक उंच मुलगा येऊन बसला, मांडीवर प्लॅस्टिकमध्ये गुंडाळलेलं खोकं घेऊन. वर फळीवर जागा होती, तरी त्यानं ते ठेवलं नाही. प्रत्येक खड्ड्याला तो खोक्यावर दोन्ही हात पालथे घालायचा आणि डोळे मिटायचा.

नागोठण्याच्या अलीकडं तिला राहवेना. "बाळ निजलंय का आत?"

"त्याहून नाजूक. हे रडत नाही, एकदम जीवच सोडतं."

"मग खिडकीशी घ्या त्याला. वारा तरी लागेल."

"नको... खिडकीशी आहे ते ठीक आहे."

तिनं चटकन बाहेर पाहिलं. आंबा नदी तांबडी होऊन, काठोकाठ चालली होती.

धाटावला रंगांच्या कारखान्याच्या फाटकाशी दोघंही उतरले, तेव्हा मात्र दोघांनाही हसू आवरलं नाही. तो विशाल. पुण्याच्या कंपनीनं सर्व्हर बसवायला धाडलेला; खोक्यात त्याचीच डिस्क. ती कारखान्याच्या संगणक खोलीत नव्यानं लागलेली, खाडीकाठच्या मिठागरवाल्याची डिप्लोमा झालेली लेक. सत्त्याण्णव साल होतं ते. विशाल गेल्यावर तो सर्व्हर तिलाच सांभाळायचा होता.

सर्व्हर म्हणजे दोन यंत्रं, ती खोलीत उभी राहिली. कुठल्या हौदात कुठला रंग शिजतोय, त्यात काय पडलं, किती वेळ... सगळ्या नोंदी एकात साठायच्या. दुसरं यंत्र आठ खात्यांच्या पडद्यांवरून येणारी कामं घ्यायचं आणि पहिल्याशी बोलून पार पाडायचं. इंग्रजी नावं काळुरामच्या तोंडात बसेनात. काळुराम शिफ्टचा ऑपरेटर, पन्नाशीचा, हाताचा पक्का. प्रतिक्षानं यंत्रांना नावं दिली. साठवणारं ते कोठार, कामं करणारा तो कारभारी.

"आणि मी कोण?" विशालनं केबल दातात धरून विचारलं.

"तुम्ही पाहुणे."

"पाहुण्याला चहा विचारतात."

"विचारतात. पण पाहुण्यानं आधी तोंडातली वायर काढायची असते."

तिची आई जनी धवलारीण होती. आगरी लग्नांत धवले गाऊन विधी पार पाडायची. कुठल्या देवाला कधी बोलवायचं, हळद कधी, पाणी कधी, सगळं तिच्या गाण्यात. कागद नाही, चोपडी नाही. गळ्यात बसलेलं विसरत नाही, असं ती म्हणायची. प्रतिक्षानं तेच केलं. सर्व्हर चालू करायचा क्रम तिनं ओवीत बांधला:

कोठार उघडा आधी, मग उठवा कारभारी,
मग हाका खात्यांना, या गो आपापल्या दारी.

काळुराम खूश. "आता नाय चुकायचा मी! बंद करायचीपन कर गो पोरी."

तिनं तीही केली. रोह्यात वीज घडीघडी जायची. बॅटरी पंधरा मिनिटं पुरायची, आणि तेवढ्यात सगळं नीट बंद व्हायला हवं होतं.

खात्यांना घाला साद, कामं आवरा आवरा,
कोठाराला लावा कडी, मग निजवा कारभारी बावरा.

ती हे म्हणून दाखवत होती तेव्हा खिडकीबाहेर पागोळ्या गळत होत्या. विशालनं कागद हातात घेतला, पण त्याची नजर कागदावर नव्हती... तिच्या ओठांवरून हलत नव्हती. "बावरा," तो हळूच म्हणाला, आणि खाली तपासल्याची सही केली. कागद भिंतीवर लागला.

आश्विनातल्या एका दुपारी, प्रतिक्षा रजेवर आणि विशाल नागोठण्याला गेलेला असताना, वीज कडाडली आणि दिवे गेले. आजवर दिवे पाचदहा मिनिटांत परत यायचे, बंद करायची ओवी कधी लागलीच नव्हती. काळुरामनं ती म्हटली. खात्यांना साद घातली. मग कोठार बंद करायला घेतलं. कडी लागेना. कशी लागणार? कारभाऱ्याचा हात अजून आतच होता. कोठार त्याची वाट बघत राहिलं आणि काळुराम कोठाराची. एक ओळ पुरी झाल्याबिगर पुढची म्हणायची नसते, हे त्याला पक्कं ठाऊक होतं. पंधरा मिनिटं तो हात जोडल्यासारखा उभा राहिला. मग बॅटरी संपली.

कोठारातल्या नोंदी फाटल्या. शनिवारी टेपवर काढून ठेवलेल्या नकलेवरून मागचं सगळं परत आलं. तीन दिवसांचं मात्र गेलं ते गेलं.

सकाळी प्रतिक्षा भिंतीपुढं उभी राहिली. दुसरी ओळ तिनं तीनदा वाचली. कारभारी आधी निजायला हवा होता. 'आवरा'ला 'बावरा' जुळावा म्हणून तिनं त्याला मागं ढकललं होतं.

व्यवस्थापक हैबतराव यायच्या आत विशालनं तो कागद भिंतीवरून काढून खिशात घातला. "क्रम मी लिहून दिला होता, असं सांगतो. सही माझीच आहे."

"मग तुमचं काय होईल?"

"पुण्याला परत बोलावतील. कदाचित काढतील. मला दुसरी नोकरी मिळेल. तुला या खोलीत पुन्हा कोण बसवील?"

पहिल्यांदाच तो 'तू' म्हणाला होता.

गेलेल्या नोंदी पुन्हा भरायला तीन दिवस दोघांनी खात्यांतल्या रंग लागलेल्या चिठ्ठ्या गोळा केल्या. ती वाचायची, तो टंकायचा. "हौद चार, निळा, सहा तास." "सहा तास." एवढंच बोलणं. बोटं निळी, जांभळी झाली. तिसऱ्या दिवशी शेवटची चिठ्ठी संपली, आणि ती उठून सरळ हैबतरावांच्या खोलीत गेली.

"साहेब, ओवी मी बांधली. चूक माझी हाय."

हैबतरावांनी चष्मा काढला. "विशाल तर म्हणतो..."

"ते खोटं बोलतात. माझ्यापायी."

त्यांनी चष्मा पुन्हा चढवला. मग ते म्हणाले, "उद्यापासून भांडारात बसायचं. त्या खोलीत पाय ठेवायचा नाही."

बाहेर व्हरांड्यात विशाल उभा होता. चेहरा उतरलेला.

"का गेलीस? मी जातच होतो ना... कशाला सगळं घालवलंस?"

"मग काय, तुमच्या पाठीमागं लपू?" ती म्हणाली. "ज्याच्या डोळ्यांत जन्मभर बघायचं, त्याच्या पाठीमागं कसं लपायचं..."

ती थांबली. आपण काय बोलून गेलो, ते तिला तेव्हा उमगलं. कानांच्या पाळ्या तापल्या. तो हसला नाही. थट्टेची सवय असूनही त्यानं या वेळी थट्टा केली नाही.

"सोमवारी पुण्याला निघायचंय मला," तो म्हणाला. "नोकरी राहील असं दिसतंय. तुझ्यामुळं."

"बरं झालं."

"त्याआधी रविवार आहे. तुझ्या घरी आलो, तर आई काय म्हणेल?"

"ती विचारील, जात कुठली, मासे खाता का."

"आणि तू काय म्हणशील?"

खाली अंगणात दुपारच्या शिफ्टची माणसं सायकली काढत होती. प्रतिक्षानं निळी बोटं पदरात लपवली, मग बाहेर काढली.

"मी म्हणेन... दुपारच्या आधी या. भरतीला आमच्या वाटेवर पाणी चढतं."