आईनं बाहेर बसायचं

गुरुवारी रात्री आठ वाजून दहा मिनिटांनी हे सुरू झालं. घडलं ते माझ्या चुलत सासऱ्यांच्या मेहुणीच्या बाबतीत. परवा जेवणं उरकल्यावर या चुलत सासऱ्यांनी, आमच्या काकांनी, आम्हा सुनांना सांगितलं आणि माझी झोपच उडाली, कारण सोमवारी मलाही माझ्या लेकाला तसल्याच तपासणीला न्यायचंय.

मेहुणीची मुलगी सहा वर्षांची. घरात पोपट, बाहेर मुकी. शाळेनं सांगितलं, मानसतज्ज्ञ बाईंकडून तपासून आणा, नाहीतर पुढच्या वर्गात घेणार नाही. मेहुणीची सासू टोमणा मारायची, आई गप्प बसली तर पोर बोलेल ना. तेही खोटं नव्हतं. कुणी मुलीला नाव विचारलं तरी उत्तर मेहुणीच द्यायची.

म्हणून बाईंनी आधीच बजावलं होतं. आईनं बाहेर बसायचं, दार बंद. आतून काहीही ऐकू आलं तरी उत्तर सुचवायचं नाही. सुचवलं की चाचणी बाद.

बाईंचा दवाखाना वरच्या मजल्यावर, शेवटचा नंबर या मायलेकींचा. आत ठोकळे जुळवणं चाललं होतं, तेवढ्यात वीज गेली. सगळीकडे मिट्ट काळोख. मग आतून बाईमाणसाचा आवाज आला. हळू, मायेचा. घरी कोण कोण असतं?

मुलगी बोलली. अगदी स्पष्ट. मेहुणीला रडूच फुटलं, हातानं तोंड दाबून ऐकत राहिली.

झोपतेस कुणाजवळ? आईजवळ.

आईला लवकर झोप लागते? ...हो.

असलं कशाला विचारतात, असं तिच्या मनात आलं. पण तपासणीतलं आपल्याला काय कळतं? कडीवरचा हात तिनं मागे घेतला.

"मी हाक मारली तर येशील?"

मेहुणीनं दाराला कान लावला.

"येशील ना?"

...

तेवढ्यात जिन्यात उजेड हलला. मेणबत्ती घेऊन बाई वर येत होत्या. वीज जाताच मागच्या दारानं खाली गेल्या होत्या त्या. केव्हाच्याच.

मेहुणी दाराला तोंड लावून ओरडली, "नाही म्हण गं!"

आणि तिनं कडी ओढली.

इथे काकांनी आवाज अगदी खाली आणला.

दार उघडलं. मुलगी खुर्चीत ताठ बसलेली. एकटी. तिच्या चपला बाहेर होत्या, आईच्या चपलांशेजारी. पायात मात्र बूट. जुने. बरोबर तिच्या मापाचे. नाड्या घट्ट बांधलेल्या, कुठे निघायचं असल्यासारख्या.

कुणाचे ते बाईंनाही सांगता आलं नाही.

चाचणी बाद झाली, मुलीचं वर्ष गेलं. मेहुणी म्हणते, जाऊ दे.

तपासणी वाईट नसते, करून घ्यावी. बाहेर बसा म्हटलं तर बसावं. फक्त दार जरासं उघडं ठेवायला सांगावं. तुमच्या ओळखीत कुणी लेकराला नेणार असेल, तर तिच्या कानावर घाला. आणि तिला म्हणावं, तूही पुढच्या आईला सांग.