उभी ठोकलेली खीळ

ही गोष्ट खरी आहे. पटली तर पटली. लॉयड आर्बोगास्ट अजून हयात आहे, आणि तो काही भुताखेतांच्या गप्पा मारणारा माणूस नाही.

वेस्ट व्हर्जिनियाचे डोंगर. मे महिन्याची अखेर, रविवारची दुपार.

लॉयडला नाद एकच. लाकूडतोडीची रेल्वे बंद पडून जमाना झाला, रूळसुद्धा उपटून नेले. पण त्या जुन्या वाटेवर मेटल डिटेक्टर फिरवला की काहीबाही सापडतंच. गंजका तुकडा हातात घेऊन तो सांगायचा, हा ब्रेकचा, ही ओंडक्यात ठोकायची कडी. शिवाय माणूस शिस्तीचा. खणलेला खड्डा असा बुजवायचा, वर पाला असा पसरायचा, की हरणालाही संशय येऊ नये.

त्या वसंतात त्याला नेच्यांच्या दाटीत डबे जोडायची एक खीळ मिळाली. अंगठ्याहून जाड, दीड वीत लांब.

जमिनीत उभी ठोकलेली होती.

उभी का, हा विचार त्याने केलाच नाही. नग उत्तम होता, एवढंच त्याने पाहिलं.

आणि त्या रविवारी सासूबाई, विल्मा, कागदी फुलांची टोपली घेऊन दारात उभ्या.

"जावईबापू, जन्मभर गंज खरवडलात, आज जरा उपयोगी पडा. माझ्या आजोबांचं थडगं सापडत नाहीये."

"थडगं? ते चर्चमागे आहे ना?"

"दरवर्षी फुलं वाहायला बोलावते, दरवर्षी तुमची कंबर धरते. कळणार कसं? गाडीखाली गेले, तिथेच वाटेकडेला पुरलं त्यांना. दगड कुठला मिळायला? सोबत्यांनी उशाशी डब्याची खीळ ठोकली. तीच दिसत नाहीये. घ्या तुमचं यंत्र आणि चला."

लॉयडने मागे वळून घरात पाहिलं.

खीळ आत त्याच्या टेबलावर होती. घासूनपुसून, तेल लावून.

सांगून टाकावं... अगदी जिभेवर आलं होतं. पण विल्मा डोळे पुसत होती, आणि त्याचा धीर झाला नाही. त्याने खीळ गुपचूप पिशवीत टाकली. होती तिथे परत ठोकू, कोणाला कळणार आहे?

डोंगरातल्या त्या जुन्या वाटेवर धुकं उतरलं होतं. विल्माला एका ओंडक्यावर बसवून तो पुढे गेला.

नेचे... जिकडे तिकडे सारखेच नेचे.

खड्डा त्यानेच बुजवला होता. इतका सफाईने, की आता त्याचा त्यालाच सापडेना.

पाखरं बोलायची थांबली. मग ओढ्याचा आवाजही बंद झाला.

शेवटी दिसेल त्या जागी त्याने खीळ दगडाने ठोकली, वर चिखल फासला आणि हाक मारली, "आई, सापडली!"

विल्मा गुडघ्यांवर बसली. फुलं मांडली. माती कुरवाळत म्हणाली, "आजोबा, हा आमचा लॉयड. यानेच शोधलं हो तुम्हाला."

तेवढ्यात...

ठण्.

खाली, उतारावरून. लोखंडावर लोखंड.

ठण्... ठण्...

विल्माने मान वर केली. "कोणी काही ठोकतंय का हो?"

"नाही, आई. मला तर काही ऐकू आलं नाही."

"माझेच कान गेले म्हणायचे," ती हसली आणि तिने त्याचा हात थोपटला.

तेव्हापासून लॉयडची कंबर कधी धरत नाही. टोपली तोच उचलतो. विल्मा दरवर्षी त्या रिकाम्या मातीशी पोटभर बोलते, आणि दरवर्षी खालून आवाज येतो. लॉयड आवाजामागे धावतो. तिथे पोचला की आवाज पाठीमागून येतो. खरी जागा काही सापडत नाही.

गेल्या वर्षी निघताना विल्मा म्हणाली, "एक ऐका माझं. मी गेले की मला इथेच ठेवा. आजोबांच्या शेजारी. परक्या मातीत नको."

लॉयड 'हो' म्हणाला.

त्या दिवशी खालून आवाज आला नाही. तो बराच वेळ कान देऊन उभा होता.

विल्माने आता अंथरूण धरलंय. लॉयड रोज सांगायचं ठरवून तिच्याजवळ जाऊन बसतो. ती त्याचा हात हातात घेते, आणि तो तसाच उठून घरी येतो.