तटस्थ

निलमच्या पत्राला देवेशने उत्तर दिलं नव्हतं.

पत्र म्हणजे कागदावरचं नव्हे. गावकोश नावाच्या संकेतस्थळावर, जिथे कोणीही येऊन गावांची माहिती लिहू शकतो, तिथे लिहिणाऱ्या प्रत्येकाचं एक चर्चापान असतं. देवेशच्या चर्चापानावर तिने चार ओळी लिहिल्या होत्या, साऱ्या जगाला वाचता येतील अशा. लॉकडाऊनच्या आदल्या हिवाळ्यातली गोष्ट. त्या ओळी अजून तिथेच होत्या. खाली रिकामी जागा होती…

त्यांची पहिली भेट झाली ती तलासरीला, महामार्गावरच्या बस थांब्यावर. देवेश डहाणूच्या शाळेत भूगोल शिकवायचा. सुट्टीच्या दिवशी गावोगाव हिंडून गावकोशासाठी फोटो काढायचा, आणि माणसं समोर आली की मान खाली घालायचा. त्या दुपारी तो थांब्याचा फोटो काढत होता, तेवढ्यात एक स्कूटी मधेच येऊन थांबली.

"मी आले का फोटोत?"

"अं… हो. थोड्या."

"थोड्या म्हणजे किती? मग काढून टाका. परवानगीशिवाय माणसांचे फोटो गावकोशावर चालत नाहीत."

देवेश चपापला. हा नियम त्यानेच लिहिला होता. "तुम्ही… गावकोशावर लिहिता?"

"'कुडाचं घर' या नावाने."

'कुडाचं घर' आणि तो गेले तीन महिने कैनाड गावाच्या पानावर भांडत होते.

ती त्याच्याकडे निरखून बघत होती. "एक मिनिट… तुम्ही 'बगळा' नावाने लिहिणारे तर नाही? 'संदर्भ हवा'वाले? वाक्यावाक्याला चिकटवून ठेवलंय! आमच्या पाड्याचा ओढा पावसाळ्यात ओलांडता येत नाही, याला संदर्भ काय देऊ? ओढ्याची सही आणू?"

"नियम आहे हो…"

"माहितीये. चहा घेणार, की त्यालाही संदर्भ हवा?"

डहाणूची बस आली आणि गेली. चहाचा दुसरा ग्लास हातात घेऊन देवेश तिचं बोलणं ऐकत राहिला. ती तलासरीच्या शाळेत विज्ञान शिकवायची. घर कैनाडच्या बाबल्यापाड्यात. बोलताना ती वाऱ्यावर उडणारी ओढणी सारखी मागे टाकत होती, आणि तो सारखा दुसरीकडे बघत होता… म्हणजे बघायचा प्रयत्न करत होता.

मग रविवार ठरून गेले. कधी ती त्याला पाडे दाखवायला न्यायची, कधी तो तिला डहाणूजवळच्या आगरच्या किनाऱ्यावर. सुरूच्या झाडांखाली बसून ती चिकू सोलायची, अर्धा त्याच्या हातावर ठेवायची. बोटांना बोटं लागायची. तो खोकायचा.

"एक विचारू?" एकदा ती म्हणाली. "तुझ्या मनात काय चाललंय, त्याचं पान कुठे वाचायला मिळतं?"

ती 'तू' म्हणाली होती. समोर भरती चढत होती, वाळत घातलेल्या बोंबलांचा वास येत होता. तो वाळूत रेघा ओढत राहिला.

"ते… अजून लिहिलेलं नाही."

"मग सुरू कर लवकर. रिकामी पानं वगळतात तुमच्याकडे."

ती हसली. तोही हसला. लिहिलं मात्र काहीच नाही.

बाबल्यापाड्यात तिची आई त्याला अंगणात बाज टाकून द्यायची. पाड्याला बाबल्याचं नाव का, कुठल्या झाडाखाली पहिलं घर उभं राहिलं, हे सगळं तिला पाठ होतं. पण सांगायला बसली की म्हणायची, "आता नाय. तुमी लिहायला बसाल ना, तवा सगळा सांगन. आन लिहून झाला का मला वाचून दाखव रे मास्तर."

गावकोशावर दर वर्षी एक सामूहिक प्रकल्प निवडतात. कोणीही प्रस्ताव मांडावा, बाकीच्यांनी खाली पाठिंबा, विरोध किंवा तटस्थ असं लिहून सही करावी. पाठिंबा देणाऱ्याने आपण कुठलं काम उचलणार तेही लिहायचं, नुसता हात वर करायचा नाही. मुदतीत पाच पाठिंबे मिळाले तर प्रकल्प, नाहीतर प्रस्ताव बाद.

त्या वर्षी निलमने प्रस्ताव मांडला: 'प्रत्येक पाड्याला स्वतःचं पान.' खाली तिने लिहिलं होतं, "कैनाडच्या पानावर एक वाक्य आहे, 'गावात काही पाडे आहेत.' माझी आई त्या 'काही'मध्ये राहते."

चार पाठिंबे पटापट आले. पाचवा देवेशचाच, हे सगळे धरून चालले होते. पुण्याच्या एका गृहस्थाने थट्टाही केली, "बगळ्याचं मत कुठे पडणार, ते सांगायला ज्योतिषी नको!"

देवेशचे कान तापले. तो गावकोशाचा प्रचालक, नियमांचा रखवालदार. आणि गावकोशाचा एक संकेत होता, ज्याच्याशी आपलं जवळचं नातं आहे त्याच्या प्रस्तावावर मत देऊ नये, तटस्थ राहून कारण लिहावं. तो संकेत त्याने पुन्हा वाचला आणि त्याच्या डोक्यात एक वेडी कल्पना आली. तटस्थ राहिलो तर निलमला कळेल! नुसत्या ओळखीच्या माणसासाठी कोणी असं मत राखून ठेवत नाही. जे तोंडाने सांगता येत नव्हतं, ते नियमातून आपोआप सांगितलं जाईल. पाचवा पाठिंबा काय, कोणीही देईल.

त्याने लिहिलं, 'तटस्थ.' पुढे कारण लिहायचं होतं. 'प्रस्तावक मला प्रिय असल्याने…' त्याने खोडलं. 'जवळची असल्याने…' तेही खोडलं. शेवटी लिहिलं, 'प्रस्तावक परिचित असल्याने.' आणि सही केली.

पाचवा पाठिंबा आला नाही. प्रस्ताव बाद झाला.

दुसऱ्या दिवशी त्याच्या चर्चापानावर त्या चार ओळी आल्या.

"परिचित? बरं. प्रकल्पाचं मी काही विचारत नाही. एवढंच विचारते, मी तुझी कोण? सगळ्यांसमोर लिहिलंस, तर उत्तरही इथेच दे, सगळ्यांसमोर."

उत्तर लिहायला तो रोज बसायचा. कधी फार लांब व्हायचं, कधी फार कोरडं. आज नको, उद्या नीट लिहू, असं म्हणून तो खिडकी बंद करायचा. फोन करायला हात जायचा आणि परत यायचा. मग लॉकडाऊन आलं. ते उठलं तोवर तिने बदली मागून घेतली होती, जव्हारकडे कुठेतरी. गावकोशावर 'कुडाचं घर' पुन्हा दिसलं नाही.

जुनी संभाषणं दर वर्षी आपोआप संग्रहात जातात. देवेशच्या पानावरची बाकी सगळी गेली. हे चार ओळींचं तेवढं त्याने प्रत्येक वेळी हाताने अडवून ठेवलं. उत्तर देण्याची हिंमत नव्हती, पुरून टाकण्याचीही नव्हती. स्थळं आली नि गेली. घरच्यांनी विचारणं सोडलं.

आणि आज दुपारी, शाळेतून येऊन त्याने गावकोश उघडला, तर यंदाच्या प्रस्तावांत सगळ्यात वर होतं: 'प्रत्येक पाड्याला स्वतःचं पान.' सही, 'कुडाचं घर.'

खाली लिहिलं होतं, "पुन्हा मांडते आहे. आई गेल्या वर्षी गेली. बाबल्यापाड्याला ते नाव का पडलं, हे तिलाच ठाऊक होतं. आता ते पान अर्धंच होईल. बाकीच्या पाड्यांतली म्हातारी माणसं आहेत तोवर तरी लिहू या. पुन्हा येणार नव्हते. पण एका चर्चापानावर जुनं संभाषण अजून उघडं दिसलं."

अंगणातली बाज देवेशच्या डोळ्यांसमोरून हलेना. 'वाचून दाखव रे मास्तर…' एका सहीपायी ती म्हातारी ऐकायची राहिली, सांगायचीही राहिली.

चार पाठिंबे आधीच पडले होते. त्याने पाचवा लिहिला. 'पाठिंबा. बाबल्यापाड्याचं पान मी लिहीन, जेवढं मिळेल तेवढं. प्रस्तावकाशी माझं नातं आहे. नियमाप्रमाणे हे मत धरायचं की नाही, ते इतरांनी ठरवावं.'

मग तो आपल्या चर्चापानावर गेला. उत्तर देणाऱ्याने एक पायरी आत सरकून लिहायचं, अशी तिथली रीत आहे. तो एक पायरी आत सरकला.

"निलम, 'परिचित' हे खोटं होतं. मला 'प्रिय' लिहायचं होतं, लिहून खोडलं. वाटलं, मी तटस्थ राहिलो की तुला कळेल. तू विचारलंस तेव्हाही सांगितलं नाही. आईंचं ऐकायचं राहिलं, ते माझ्यामुळे. त्याची भरपाई नाही, आणि माफी मागायलाही उशीर झालाय. तू माझी कोण, याचं उत्तर तेव्हा जे होतं तेच आजही आहे. माझा जीव आहे तुझ्यावर. आता तुझ्या आयुष्यात कोणी असेल, तर हे नुसतं वाचून सोडून दे. नसेल, तर मी रविवारी तलासरीच्या त्या थांब्यावर येईन… पुढच्या रविवारीही येईन."

सहीच्या जागी 'बगळा' असं आपोआप उमटलं. त्याने ते पुसलं आणि 'देवेश' लिहिलं.

मग, कुठलाही शब्द न खोडता, त्याने 'प्रकाशित करा'वर बोट ठेवलं.