हात न पोचणारी जागा

जवळ सरका, म्हणजे ओरडायला नको. हे माझ्या ओळखीच्या ड्रेसरच्या बाबतीत घडलं. दवाखान्यात जखमा धुऊन पट्ट्या बांधणारा सरळ माणूस, थापा मारणं त्याला जन्मात जमलं नाही.

गेल्या फेब्रुवारीतला दुसरा मंगळवार, रात्रीचे साडेदहा. पट्ट्या उकळायला म्हणून तो दवाखान्यात गेला. गावाबाहेर दोन खोल्या, डॉक्टर आठवड्यातून एकदा, नर्स सकाळपुरती. नव्या पट्ट्या वेळेवर येतील तर शपथ, म्हणून जुन्याच धुवायच्या, उकळायच्या. मलम संपलं की जखमेत साखर भरायची. हसू नका, साखरेनं जखम साफ होते.

एकोणीस वर्षं पट्ट्या मावशी धुवायची, तिथली आया. तिला जखम बांधायला शिकायचं होतं. दोन-तीनदा तिनं विचारलंही. हा मोठा शिष्ट. तुझं काम धुण्याचं, म्हणून तिला वाटेला लावायचा. डिसेंबरात ती वारली, आणि धुणंही याच्याच गळ्यात पडलं.

पण त्या रात्री पट्ट्या हे निमित्त होतं. त्याच्या पाठीवर, दोन्ही खांद्यांच्या मधोमध, काळपुळी झाली होती. चार दिवस ताप हटत नव्हता. असल्या पुळीनं माणसं गेलेली त्यानं पाहिली होती. नर्सपुढे सदरा काढायची लाज, मोठं इस्पितळ लांब. बायको जाऊन सहा वर्षं झालेली, मुलगी परदेशात. निम्म्या गावाच्या अंगाला याचा हात लागलेला, आणि याच्या पाठीला हात लावायला कोणी नाही. त्याला फार एकटं वाटलं.

त्यानं दाराला आतून कडी घातली. भिंतीवरच्या आरशाकडे पाठ केली, एका हातात छोटा आरसा घेतला, दुसऱ्या हातात चिमटा. आरशात सगळं उलटं. डावीकडे न्यावा तर हात भलतीकडेच जाई. तीनदा चुकला. चौथ्यांदा चिमटा खाली पडला. मग तो स्टुलावर बसून रडला.

पातेल्यात पाणी खळखळत होतं.

ते थांबलं. शेगडी पेटलेलीच होती.

मागून ओल्या कापडाचा वास आला... त्यानं आरसा वर धरला. मागे कोणी नाही. पडलेला चिमटा मात्र ट्रेमध्ये होता.

"भाऊ..."

त्यानं आरसा खाली ठेवला.

"आतातरी हात लावू देता का?"

त्यानं मान खाली घातली.

"लाव, मावशी."

गार बोटं... दुखलं नाही...

सकाळी नर्सनं दार ठोठावलं. कडी त्यानंच काढली, आतूनच. ताप उतरला होता. लाज सोडून त्यानं पाठ दाखवली. पट्टी चांगली घट्ट होती, कडेनं साखरेचे चार दाणे चिकटलेले. नर्सनं विचारलं, कुठल्या शिकाऊ माणसानं बांधलं हे? ती सोडायला लागली तर त्यानं हात धरला, राहू दे म्हणाला, आजचा दिवस.

कारण जखमेवर गाठ मारायची नसते, ती बाजूला घ्यायची. पहिल्याच दिवशी शिकवतात, शिकवलं तर. ही गाठ बरोबर जखमेवर होती.