तराफ्याचं सातवं वळण

मकरंदनं सातवं वळण पहिल्याच झटक्यात पार केलं, तेव्हा मंजूषा त्याच्यासमोर मटार सोलत बसली होती. भिंतीवरच्या पडद्यावर तराफा कातळाला अंगही न लावता वळला, पाण्याचे तुषार उडाले, कुठूनशी सनई वाजली आणि खाली आकडा उमटला : ब्याण्णव. मकरंद खुशीत आला. "आण, मदत करतो," म्हणत त्यानं ताटातली एक शेंग उचलली. उजव्या हातानं ती त्याला फोडता येईना. अंगठा शिवणीवरून तीनदा घसरला, चौथ्यांदा शेंगच खाली पडली. त्यानं ती डाव्या हातानं उचलली, दातांनी फोडली आणि जमलं की नाही, अशा नजरेनं बायकोकडे पाहिलं.

मंजूषाला काही हसू आलं नाही. सातवं वळण काय चीज आहे, हे या घरात तिच्याइतकं कुणालाच ठाऊक नव्हतं. तीसेक वर्षांपूर्वी ती मिरजेतल्या एका शाळेत संगणक शिकवायला लागली, तेव्हा 'तराफा' हा खेळ नवा होता. पुरात सापडलेला तराफा, त्याला चार दोर, आणि उजव्या हाताच्या चार बोटांखाली चार कळा. सातव्या वळणावर अनामिकेनं एक दोर ताणून धरायचा आणि त्याच क्षणी करंगळीनं दुसरा सोडायचा. त्या वळणावर मंजूषा दोन महिने बुडत होती. शिक्षकांच्या खोलीत सगळेच बुडत होते, आणि आपण कसे बुडालो हे मधल्या सुट्टीत एकमेकांना रंगवून सांगत होते. तिची दहाही बोटं तेव्हा धडधाकट होती. ज्याला मटार फुटत नाही, त्याला ते वळण जमतं कसं?

आता घरोघरी खेळायचे ते रिमेकच. त्यांना 'नवघडण' हा शब्द रुळून दहा वर्षं झाली होती. जुना खेळ नुसता रंगवून पुन्हा विकायचा, हे मागे पडलं होतं. नवघडण खेळणाऱ्याकडे बघून स्वतःला घडवत असे. हॉस्पिटलनं मकरंदला दिलेला 'तराफा' तसाच नवघडणीचा होता, आणि त्याच्याबरोबर एक मनगटपट्टा. ज्येष्ठात त्याच्या मेंदूतली एक रक्तवाहिनी तुंबली आणि उजवा हात गेला. पस्तीस वर्षं कीर्तनात पेटी वाजवणारा हात. अनघाताई मोघ्यांचं कीर्तन आणि मकरंद ताम्हणकरांची साथ, हे मिरजेच्या आसपास एका दमात बोललं जायचं. दत्तजयंतीच्या सप्ताहात शेवटच्या दिवशी साथीला बसेन, असं त्यानं हॉस्पिटलच्या खाटेवरूनच ताईंना कळवलं होतं. फिजिओथेरपिस्ट सनोबर सतारमेकरनं एकच अट घातली होती : पडद्यावर नव्वद दिसल्याशिवाय पेटीला हात लावायचा नाही, बोटांना वाकड्या सवयी लागतात. म्हणून आज ब्याण्णव बघून स्वारी हवेत होती. दत्तजयंतीला सहा आठवडे उरले होते.

दुसऱ्या दिवशी मंजूषा एकटीच हॉस्पिटलात गेली.

सनोबर तिला लहानपणापासून ओळखत होती. शाळेत तिच्याच हाताखाली शिकली होती. त्यामुळे तिनं आढेवेढे घेतले नाहीत. बोट हलण्याआधी मेंदू स्नायूला हुकूम सोडतो, त्याची बारीकशी वीज मनगटपट्टा टिपतो. हुकूम बरोबर असला, की बोट कळेपर्यंत पोचलं नाही तरी नवघडण ते पोचलं असं धरते. जेवढं असं धरलं जातं, त्याला त्यांच्या भाषेत इच्छांश म्हणतात.

"म्हणजे ब्याण्णव कुणाचे?" मंजूषानं विचारलं.

"हात आणि इच्छा, दोन्ही मिळून."

"नुसत्या हाताचे किती?"

सनोबरनं पडदा आपल्याकडे वळवला, दोन-तीन कप्पे उघडले आणि तो परत मंजूषाकडे फिरवला. एकतीस. गेल्या महिन्यात तीस होते.

मंजूषाचा पारा चढला. तिनं सनोबरला पाचवीतल्या मुलीसारखं फैलावर घेतलं. पेशंटला खोटे मार्क देता, आणि वर सनई वाजवता? सनोबरनं सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "काकू, पूर्वी आम्ही चेंडू दाबायला द्यायचो. दहातले सहा जण तीन आठवड्यांत यायचे बंद व्हायचे. नवघडण आल्यापासून एकानंही सोडलेलं नाही. जो येतच नाही, त्याला मी बरं कशी करणार?"

"मग इच्छांश कमी करत न्या ना."

"तसंच ठरलं होतं. पण कमी झाला की माणूस वैतागतो. वैतागला की खेळ इच्छांश आपणहून वाढवतो. पेशंट टिकला पाहिजे, एवढंच त्याला शिकवलंय." तिनं पडदा परत आपल्याकडे वळवला. "आणि पूर्ण बंद करायची सोयच ठेवलेली नाही. मी कंपनीकडे मागून पाहिली."

परतताना मंजूषा शाळेत वळली. भंगाराच्या खोलीतला एक जुना संगणक तिनं निवृत्तीच्या वेळी हट्टानं जपून ठेवायला लावला होता. शिपायानं तो रिक्षात घातला. घरी जोडला, तर दोनदा गचके खाऊन सुरू झाला, आणि त्यात मूळचा 'तराफा' होता. चौकोनी पाणी, चौकोनी कातळ, आणि बुडाल्यावर डबक्यात दगड पडल्यासारखा एक आवाज. सनई नाही, काही नाही.

मकरंद त्या दिवशी त्याच्यापुढे बसला आणि पहिल्याच वळणावर चाळीस वेळा बुडाला. एकेचाळिसाव्या वेळी त्यानं कळफलक ढकलून दिला. हे काय थेर आणलंस, म्हणाला. चित्रं धड नाहीत, बोट लागलेलं कळत नाही, आपल्याकडे तोच खेळ शंभरपट चांगला असताना हे भंगार खेळायचं कशासाठी?

"चांगला म्हणजे कसा?"

"अगं, सोपं आहे. अनघाताई ध्रुवाचं आख्यान दर वर्षी करतात. दर वर्षी नवी चाल, नवे दाखले. आपण काय म्हणतो, जुनंच सांगा? कथा तीच, मांडणी नवी. ते तुला चालतं, तिथे मान डोलावतेस. मग खेळानंच काय पाप केलंय?"

मुद्दा बिनतोड होता, आणि मंजूषा खरोखर विचारात पडली. कीर्तन ऐकण्यात तिचं निम्मं आयुष्य गेलं होतं. ध्रुवाख्यान तिनं तीस-पस्तीस वेळा तरी ऐकलं असेल, आणि दर वेळी सावत्र आईनं पोराला ढकललं, की पदराकडे हात जायचा.

"ताई कितीही नव्यानं सांगू देत," ती सावकाश म्हणाली, "पण ध्रुवाला वनात जावंच लागतं. पोराला वाईट वाटेल म्हणून पहिल्याच पदात बापाच्या मांडीवर नाही बसवत त्या. बसवलं, तर पुढे कीर्तन कसलं करणार? तुझ्या त्या खेळानं तुला मांडीवर बसवलंय, मकरंद."

मग तिनं एकतीसचा आकडा सांगितला. सांगायचा नाही असं रिक्षात ठरवलं होतं, पण तोंडून गेला.

मकरंदनं उजवा हात डाव्या हातानं उचलून मांडीवर घेतला. "मला जिंकू दिलं असतंस, तर तुझं काय बिघडलं असतं?" एवढंच म्हणाला. त्यानंतरचे चार दिवस त्यानं दोन्ही खेळ केले नाहीत. हॉस्पिटलातून चौकशीचे निरोप येत राहिले. मनगटपट्टा तर दर तासाला थरथरून त्याला बोलवायचा. मंजूषा मनातल्या मनात स्वतःला बोल लावत होती. सनोबर म्हणाली तेच खरं होत होतं : खरं कळलं आणि माणसानं सोडून दिलं.

पाचव्या दिवशी दुपारी ती स्वयंपाकघरात असताना बाहेर पेटीच्या झाकणाचा आवाज आला. तिनं गॅस बारीक केला. भाता हलला. एक सूर लागला, तो बरा होता. मग दुसरा लागायच्या ऐवजी तीन एकदम कोकलले. पुन्हा एक. पुन्हा तीन. पाच मिनिटांनी झाकण बंद झालं. ती बाहेर आली, तर मकरंद जुन्या संगणकापुढे बसून विचारत होता, "हे चालू कुठून करायचं?"

पुढचे पाच आठवडे घरात डबक्यात दगड पडत राहिले. मंजूषाला त्या आवाजाचा उबग आला. मकरंद चिडायचा, यंत्राला आणि तिलाही नावं ठेवायचा, चहा गार करायचा आणि पुन्हा बसायचा. संध्याकाळी तासभर पेटी काढून काळी चारमध्ये, ताईंच्या पट्टीत, बोटं फिरवायचा. "या डबड्याला माझी जरासुद्धा कणव नाही," असं एकदा म्हणाला, पण ते तक्रारीच्या सुरात नव्हतं. सनोबर घरी येऊन बघायला लागली आणि नकळत तीही शेजारी बसून बुडायला लागली. तिसऱ्या वळणावर कसं बुडायचं नाही, यावर दोघांची हमरीतुमरी व्हायची. मंजूषाला एकदम मधली सुट्टी आठवायची. नवघडण खेळणारे कधी असे भांडत नाहीत, हे तिच्या तेव्हा लक्षात आलं. भांडणार कशावर? प्रत्येकाची नदी वेगळी.

दत्तजयंतीपर्यंत मकरंद सहाव्या वळणाला पोचला. सातवं काही झालं नाही. तर्जनी, मधलं बोट आणि अनामिका कामाला लागली होती. करंगळी मात्र अजून झोपेत होती. त्यानं ताईंना फोन करून स्पष्ट सांगितलं, की काळी चार पट्टीत सूर धरून ठेवीन, साधी पदं वाजवीन, त्यापुढे झेप नाही. ताई म्हणाल्या, तुम्ही फक्त धरा, पळायचं ते मी पळते.

कीर्तन दुपारी चारला सुरू झालं. सभामंडप गच्च भरला होता. मंजूषा मुद्दाम पुढे, पेटीपासून चार हातांवर बसली. नमन झालं, पूर्वरंग सुरू झाला, आणि तिसऱ्या पदात तिला करंगळी चुकलेली दिसली. चांगली दोन पट्ट्यांच्या मध्ये पडली. पण स्पीकरमधून आलेला सूर शुद्ध होता. तिनं कान टवकारले. थोड्या वेळानं बोट पुन्हा घसरलं, आणि पुन्हा स्पीकरमधून मोत्यासारखा सूर आला. शेजारची बाई कौतुकानं म्हणाली, की ताम्हणकरांचा हात पूर्वीपेक्षा गोड झालाय.

तिनं मकरंदकडे पाहिलं. त्यालाही कळलं होतं. मान खाली घालून तो वाजवत राहिला, पण कानाच्या पाळ्या लाल झाल्या होत्या.

मध्यंतरात ताईंच्या कपाळाला बुक्का लागला, गळ्यात हार पडला, तेवढ्यात मकरंदनं ध्वनिक्षेपकाचं बघणाऱ्या गृहस्थांना खुणेनं बोलावलं. त्यांनी मोठ्या अभिमानानं सांगितलं, की दोन वर्षांपूर्वी मंदिरानं 'सूरसावर' बसवलंय, माइकमध्ये गेलेलं सगळं बाहेर येताना सरळ होऊन येतं. मकरंदनं विचारलं, माझ्या पेटीपुरतं बंद होईल का? त्यांनी मान हलवली. बंद करायचं तर सगळंच. आवाज मोठा येईल, पण आहे तसा येईल.

ताई हार काढून ठेवत ऐकत होत्या. "मग सगळंच करा बंद," त्या म्हणाल्या. "माणसाला आपला हात आपल्या कानानं ऐकायचाय. माझं काय जातंय त्यात?"

उत्तररंगाला अनसूयेचं आख्यान होतं. चिपळ्या वाजल्या, ताईंनी पद उचललं, आणि वरच्या षड्जावर त्यांचा आवाज फाटला.

कोरडा, चरचरीत आवाज. सभामंडपातली कुजबुज एकदम थांबली. ताईंना वाटलं, कफ असेल. घसा साफ करून त्यांनी तीच ओळ पुन्हा घेतली, आणि आवाज पुन्हा त्याच जागी तुटला. त्यांचा हात गळ्याकडे गेला. सत्तर वर्षांची बाई, घरी खालच्या सुरातच रियाज करणारी, दोन वर्षं इथे आणि गावोगाव अशाच यंत्रांपुढे गात आली होती, आणि आपला आवाज केव्हा उतरला, हे तिला कुणी कळूच दिलं नव्हतं. हे आपण काय करून बसलो, असं मंजूषाला वाटलं. मकरंदच्या बोटांचं खरं-खोटं करता करता या बाईचं सगळं उघडं पाडलं.

ध्वनिक्षेपकाचे गृहस्थ खटक्याजवळ जाऊन उभे राहिले होते. त्यांनी ताईंकडे पाहिलं. ताईंनी त्यांच्याकडे पाहिलं, मग पेटीकडे, आणि माइकपासून तोंड बाजूला घेतलं.

"मकरंदराव, मला इथून वर जाता येत नाहीये. खाली उतरते. पांढरी चार धरता?"

पाच आठवडे त्याची बोटं काळी चारच्या वाटा शिकली होती. प्रत्येक सूर आता दुसऱ्या जागी जाणार होता. मकरंदनं हात पट्ट्यांवरून उचलला.

"ताई, थोडं थांबावं लागेल."

"थांबते की," ताई म्हणाल्या, आणि चिपळ्या मांडीवर ठेवून खरोखरच खाली बसल्या.

मकरंद एकेक पट्टी चाचपू लागला. लागला तो सूर जरासा ठेवायचा, चुकला की सोडून द्यायचा. मागच्या रांगेत कुणीतरी पिशवी उचलली. शेजारची बाई मंजूषाच्या कानाशी लागली, "छान चाललं होतं हो. परत लावतील ना ते यंत्र?"

मंजूषा मागे वळून बघत होती. दोन-तीनशे माणसं होती. कुणाचं बोट जागेवर येईपर्यंत वाट बघायची वेळ कित्येक वर्षांत त्यांच्यावर आली नव्हती. ही थांबतील का?