ढगांची कंपनी

रविवारी सकाळी बावीस चिमुकल्यांना घेऊन लोणावळ्याला निघालेली आमची बालवाडी दहाच मिनिटांत पोहोचली... महाळुंग्यातल्या कंपनीच्या गेटवर! वॉचमननं सवयीनं गेट उघडलंसुद्धा.

"अहो, लोणावळा एवढं जवळ आलं?" मी विचारलं.

ड्रायव्हरनं कपाळावर हात मारला. "सॉरी मॅडम! आठ वर्षं फर्स्ट शिफ्टची बस चालवतोय. हात आपोआप वळले."

हा बुद्धभूषण. आमचे अण्णा रिटायर होईपर्यंत याच्याच बसनं कामाला जायचे. "त्याची बस कोणासाठी एक मिनिट थांबत नाही," असं कौतुकानं सांगायचे. मला वाटायचं, कोणी खडूस म्हातारा असेल. गालावरच्या खळ्यांचं अण्णा कधी बोललेच नव्हते!

मी हसले खरी, पण मन थाऱ्यावर नव्हतं. उद्या अकरा वाजता नाशिकचं स्थळ मला बघायला येणार होतं आणि आईनं होकार आधीच गृहीत धरला होता.

लोणावळ्यात कड्याच्या रेलिंगपाशी गेलो, तर दरी पांढऱ्याशुभ्र ढगांनी काठोकाठ भरलेली. चार वर्षांच्या मदिनानं माझी ओढणी घट्ट धरली.

"टीचर, खाली केवढी मोठी कंपनी असंल! किती धूर..."

बुद्धभूषण तिच्याशेजारी उकिडवा बसला. "धूर न्हाई गं, ढग हाय. हात लावून बघ."

ढग वर आला, तिच्या बोटांवरून गेला. मदिनानं तळहात उलटसुलट करून पाहिला. "काळा नाय झाला..."

बावीस पोरं चिडीचूप. माझ्याही अंगावर काटा आला. इतकी वर्षं ढग फक्त खालून पाहिले होते मी! डोळे भरून आले. ढग विरळ झाला, तेव्हा बुद्धभूषण दरीकडे नाही, माझ्याकडे बघत होता.

"तीन वाजले," मी घाईघाईनं म्हटलं. "निघायचं ना?"

"थांबू की. मदिनाचं बघून झालं नाही अजून."

"तुमची बस थांबत नाही म्हणे कोणासाठी!"

"आजवर... थांबावंसं वाटलं नव्हतं."

मी रेलिंगवरचे थेंब पुसत राहिले. "उद्या अकराला मला बघायला येणार आहेत. नाशिकहून."

त्यानं हळूच विचारलं, "तुमचं काय म्हणणं आहे?"

"मला कोणी विचारलंच नाही."

"मी विचारतोय ना, मिनल."

मॅडमची मिनल कधी झाले, कळलंच नाही. "मला... नाशिकला नाही जायचं," मी म्हणाले.

संध्याकाळी मुलं घरोघरी पोहोचली. शेवटी बस आमच्या दारात उभी राहिली. अण्णा बाहेर आले.

"जय भीम, अण्णा. उद्या आईला घेऊन तुमच्याकडे येऊ का? साडेदहाला."

"अकराला पाहुणे यायचेत आमच्याकडं."

"म्हणून तर साडेदहा."

अण्णांनी माझ्याकडे पाहिलं. मी मान खाली घातली, पण हसू काही लपेना. ते आत वळून आईला म्हणाले, "नाशिकला फोन लाव, उद्या नका येऊ म्हणावं." आणि बुद्धभूषणकडे बोट रोखलं. "साडेदहा म्हणजे साडेदहा. मी पण कोणासाठी एक मिनिट थांबत नसतो!"

दुसऱ्या दिवशी अण्णांची दाढी अर्धी झाली होती, तेव्हाच दारात हॉर्न वाजला. घड्याळात दहा वाजले होते.